घरातील चित्रफीत आणि माफक खर्चाचा उजेड
(धारणी तालुक्यातील अनुभवावरून)

शेतीची सुधारलेली पद्धत शेतकऱ्यास सांगून जितकी पटते, त्याहून ती डोळ्यांनी पाहून अधिक पटते. म्हणूनच प्रात्यक्षिकास विस्तारकार्यात पहिले स्थान आहे. परंतु मेळघाटासारख्या डोंगराळ भागात प्रत्येक ढाण्यावर योग्य त्या दिवशी प्रात्यक्षिक घेणे शक्य होत नाही. पावसाळ्यात नाले भरून वाहतात. मजुरीस गेलेली माणसे दिवस मावळल्यावर परत येतात. शिवाय येथील पुष्कळ घरांत कोरकू बोलली जाते आणि आपली छापील मराठी पत्रके तेथे अपुरी पडतात. अशा ठिकाणी शेतकरी भगिनीने आपल्याच घरात, आपल्याच भाषेत करून दाखविलेले काम मोबाइलवर टिपून दुसऱ्या गावी दाखविणे हा फार उपयोगी मार्ग आहे.

हा मार्ग नवा नाही. दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाला. गावच्याच माणसांनी काढलेल्या फिती गावात दाखविण्याचा ‘डिजिटल ग्रीन’ हा उपक्रम बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेत २००६ च्या सुमारास आरंभिला गेला. आपल्या तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये राज्यातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आले. आता कार्यकर्त्याच्या खिशात मोबाइल असतो. उणीव राहते ती उजेडाची.

आमची एक चूक

एका वर्षी मे महिन्यात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याची चित्रफीत आम्ही तयार केली. पद्धत सर्वांस ठाऊक आहे. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा, असे १०० दाणे मांडावयाचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ओलसर ठेवावयाचे आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजावयाचे. ७० वा त्याहून अधिक दाणे उगवले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते आणि फारच थोडे उगवले तर ते बी पेरूच नये.

काम घरातच करावयाचे होते. येथील घरे कुडाच्या मातीने लिंपलेल्या भिंतींची, वर कवेलूंची आणि खिडक्या बेताच्याच. उजेड येतो तो दारातून. म्हणून आम्ही घरधनिणीस दाराशी, दाराकडे पाठ करून बसविले. बाईंनी कोरकूतून फार सुरेख समजावून सांगितले. परंतु पडद्यावर फीत लागली तेव्हा दार पांढरेशुभ्र आणि बाई काळीकुट्ट, असा प्रकार झाला. कार्यक्रम संपल्यावर एक वृद्ध शेतकरी म्हणाले, “साहेब, बाईचं बोलनं समजलं, पन कोंब तं दिसलेच नाई.”

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. जे दाखवावयाचे तेच दिसले नव्हते. त्या गावात तपासणी करणारी घरे थोडीच निघाली आणि जूनअखेर काही घरांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्याचा सर्व दोष फितीकडे जात नाही. परंतु कोंब स्पष्ट दिसते तर आणखी चार घरांनी गोणपाट भिजविले असते, ही रुखरुख मनात राहिली. तेव्हापासून थोडक्या खर्चात उजेडाची सोय कशी करता येईल याचे आम्ही प्रयोग करीत आलो. त्यांचे सार पुढे दिले आहे.

पहिला दिवा सूर्याचा

मराठी माणसास या बाबतीत एक थोर उदाहरण आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत बी लावून, कॅमेरा एका जागी रोवून, रोपाची वाढ एकेक चित्राने टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ ही लहानशी फीत तयार केली. ती पाहूनच त्यांना भांडवल मिळाले आणि पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तो चित्रपट सूर्यप्रकाशावरच चित्रित झाला होता. भारतीय चित्रपटाच्या पायाशी एक उगवते बी आहे, ही गोष्ट आपणा शेतीखात्यातील माणसांस विशेष आवडावी अशी आहे.

उन्हाच्या मानाने घरातील उजेड किती थोडा असतो याची आपणास कल्पना नसते, कारण डोळा त्याला लगेच सरावतो. उजेड मोजण्याचे माप लक्स हे आहे. भर उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो. झाडाच्या सावलीतही काही हजार असतो. एका बल्बच्या खोलीत मात्र तो शंभराच्या आतबाहेर येतो. मोबाइलचा कॅमेरा अशा वेळी चित्र ओढूनताणून उजळ करतो आणि मग चित्रावर रवाळ ठिपके येतात.

म्हणून दिवसा चित्रण शक्य असेल तर एक पैसाही खर्च करू नये. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओसरीवर, थेट ऊन नसलेल्या जागी बसावे. काम करणाऱ्याचे तोंड दाराकडे किंवा अंगणाकडे असावे आणि कॅमेरा दाराच्या बाजूने आत पाहणारा असावा. आमची चूक नेमकी याच्या उलट होती. अर्ध्या चेहऱ्यावर गडद सावली येत असेल तर त्या बाजूस हातभर अंतरावर पांढरे धोतर, चादर किंवा थर्माकोलचा तावदानाएवढा तुकडा उभा धरावा. उजेड त्यावरून परतून सावलीत शिरतो. हा दिव्याइतकाच गुणकारी उपाय असून त्यास वीज लागत नाही.

बल्ब निवडताना

पावसाळी दिवस असेल किंवा काम रात्रीचे असेल तर दिवे लागतातच. त्यासाठी महागडी सामग्री नको. घरात वापरतो तेच ९ ते १२ वॅटचे दोन-तीन एलईडी बल्ब पुरतात. ९ वॅटचा चांगला बल्ब ८०० ते ९०० ल्यूमेन उजेड देतो. हा आकडा वेष्टनावर छापलेला असतो. वॅट म्हणजे विजेचा खप आणि ल्यूमेन म्हणजे मिळणारा उजेड, हा भेद ध्यानात ठेवून खरेदी करावी. वेष्टनावर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट रंगाची. २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला बल्ब पिवळसर आणि ६५०० केल्विनचा पांढरा उजेड देतो. दिवसाच्या उजेडाशी जुळणारा म्हणून ६५०० चा घ्यावा आणि सर्व बल्ब एकाच रंगाचे असावेत. घरातला पिवळा दिवा तेवढा वेळ बंद करावा. दोन रंगांचे उजेड मिसळले तर कॅमेऱ्यास खरा रंग उमगत नाही. पिकांच्या बाबतीत हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. पिवळ्या दिव्याखाली सोयाबीनचे निरोगी पानही पिवळे दिसते आणि पिवळा मोझॅक रोग दाखविणाऱ्या फितीत रोगट पान कोणते हे कळत नाही. अशा फितीमुळे शेतकऱ्याने नको ती फवारणी केली तर नुकसान त्याचे होते. पानाचा रंग दाखविताना त्याच्या शेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा. कागद पांढरा दिसला तर पानाचा रंगही बहुधा खरा आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट रंग दाखविण्याच्या गुणाची. त्याचा आकडा सीआरआय या नावाने दिलेला असतो. ८० हा कामचलाऊ आणि ९० हा उत्तम होय. पाने, फळे व किडी दाखवावयाच्या असतील तर ९० चा एक बल्ब थोडे अधिक पैसे देऊन घ्यावा. बियाणे व अवजारे यांस ८० चालतो.

वेष्टनावर न लिहिलेला एक दोष मात्र आपणच पारखावा लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने हलक्या प्रतीचा बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत राहतो. डोळ्यास ते जाणवत नाही, पण फितीत काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात. यावर सोपी परीक्षा आहे. दुकानदारास बल्ब लावून दाखविण्यास सांगावे, मोबाइलचा कॅमेरा सुरू करून तो बल्बाजवळ न्यावा आणि पडद्यावर पट्टे दिसले तर तो बल्ब घेऊ नये. मोबाइलमध्ये सोय असेल तर ५० हर्ट्झची निवड किंवा सेकंदाला २५ चित्रांची निवड करून ठेवावी. सौर संचावर चालणाऱ्या दिव्यास घरगुती विजेची ही लहर बाधत नाही.

बल्ब वाढविण्याऐवजी जवळ आणावा

अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा निसर्गाचा नियम आहे. दोन मीटरवरील बल्ब एका मीटरवर आणला तर तो चार बल्बांचे काम करतो. म्हणून आढ्याला टांगलेल्या दिव्यावर विसंबू नये. बल्ब होल्डरसह बांबूच्या काठीस बांधून माणसाच्या डोक्याहून थोडा उंच, समोरून एका बाजूस, हात-दोन हात अंतरावर धरावा. दुसऱ्या बाजूस पांढरे धोतर असावे. उजेड डोळ्यांवर टोचत असेल तर बल्बापुढे वीतभर अंतर सोडून पातळ पांढरे कापड ताणून बांधावे म्हणजे तो मऊ होतो. माणूस भिंतीपासून दोन-तीन हात पुढे बसला तर भिंतीवर दाट सावली पडत नाही.

कोंबासारखी बारीक वस्तू दाखविताना बल्ब बाजूने आणि गोणपाटाच्या थोडाच वर ठेवावा. आडवा उजेड पडला म्हणजे प्रत्येक कोंबाची लहानशी सावली उमटते आणि तो उठून दिसतो. समोरून सरळ उजेड टाकला तर दाणा व कोंब एकजीव दिसतात. चित्रण सुरू करण्यापूर्वी मोबाइलच्या पडद्यावर कोंबांच्या जागी बोट दाबून धरावे. बहुतेक मोबाइलमध्ये त्यामुळे उजेडाचे प्रमाण कायम राहते आणि हात मध्ये आला तरी चित्र मंद-तेज होत नाही.

वीज, किडे आणि सुरक्षितता

वीज जाण्याची भीती असल्यास यूएसबीवर चालणारा लहान एलईडी दिवा व एक पॉवर बँक जवळ ठेवावी. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा असते. घट वजा जाता २५ धरावी. १० वॅटचा दिवा त्यावर अडीच तास चालेल. दहा मिनिटांच्या फितीस ते पुष्कळ झाले. बाजारात मिळणारा गोल कड्याचा दिवा चेहऱ्यासाठी ठीक असतो. परंतु तो समोरून सरळ उजेड टाकत असल्याने बियाणे दाखविण्यास तितका उपयोगी नाही. आधी बल्ब, होल्डर आणि पांढरे कापड यांवर काम करून पाहावे. गरज उरली तरच तो घ्यावा.

जुन्या पद्धतीचे ५०० वॅटचे हॅलोजन दिवे घरात मुळीच वापरू नयेत. ते अतिशय तापतात आणि कुडाच्या घरात, कडब्याजवळ किंवा गोणपाटाजवळ आगीचे कारण होऊ शकतात. वायर दाराच्या उंबऱ्यावरून ओढू नये, उघडे जोड ठेवू नयेत, ओल्या हाताने होल्डरास हात लावू नये. ओले गोणपाट आणि विजेची तार यांत अंतर ठेवावे. पावसाळ्यात रात्री दिव्याभोवती किडे जमतात व बोलणाऱ्याच्या तोंडावर येतात. म्हणून शक्यतो दिवेलागणीपूर्वीच काम उरकावे.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्याच्या घरात दिवे व कॅमेरा नेण्यापूर्वी घरच्या मंडळींची, विशेषतः घरधनिणीची, संमती घ्यावी. फीत कोठे दाखविली जाणार आहे हे सांगावे आणि तयार झालेली फीत प्रथम त्यांनाच दाखवावी.

शेवट

पुढल्या मे महिन्यात आम्ही त्याच घरी गेलो. बाईंना या खेपेस दाराकडे तोंड करून बसविले. एका हाताला धोतर धरले, गोणपाटाच्या बाजूस काठीला बांधलेला एक बल्ब ठेवला. नवे सामान दोन बल्ब, दोन होल्डर आणि दहा हात वायर एवढेच लागले. फीत गावात दाखविली तेव्हा पुढे बसलेली मुले पडद्यावरील कोंब मोठ्याने मोजू लागली. त्यांच्या आयाही मोजू लागल्या आणि एका ओळीतील न उगवलेले दोन दाणे त्यांनीच प्रथम दाखवून दिले. गेल्या वर्षीचे ते वृद्ध शेतकरीही तेथे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओसरीवर गोणपाट भिजत घातलेले आम्ही पाहिले.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या पुढील फितीपूर्वी घरधन्यास एकच प्रश्न विचारावा : येथे उजेड कोठून येतो? त्या दिशेस काम करणाऱ्याचे तोंड करावे, उणे पडेल तेवढाच दिवा जोडावा आणि जे दाखवावयाचे ते शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसासही दिसेल याची खात्री करून घ्यावी. पेरणीचे दिवस जवळ आले म्हणजे गोणपाट आणि बल्ब दोन्ही तयार असावेत.