एका अक्षराचा भाडेकरार

मालवणच्या बाजारपेठेतील आमच्या कापडाच्या दुकानाचा भाडेकरार दोन वर्षांपूर्वी नव्याने करावयाचा होता. जागा जुनी, चिऱ्यांच्या भिंती, वर कौलारू छप्पर. मृगापूर्वी कौले चाळणे व वासे बदलणे हा खर्च जागामालकाने करावा, असे बोलण्यात ठरले होते. इंग्रजी मसुदा टंकून आला. मी वरवर पाहून सही करण्याच्या बेतात असताना धाकट्या सूनबाईंनी कागद हातातून घेतला आणि म्हणाल्या, “अण्णा, येथे ‘लेसॉर’ हवे होते, ‘लेसी’ पडले आहे.” दोन अक्षरांच्या फरकाने छपराचा सारा खर्च आमच्या माथी येत होता. मालक सज्जन, त्यांनी हसत दुरुस्ती मान्य केली. परंतु पुढे वाद झाला असता तर कागद कोणाच्या बाजूने बोलला असता, हे सांगायला नको.

आपल्या घरांत व्यवहार पक्का असतो, हिशेब चोख असतो. घोटाळा होतो तो या जोडशब्दांपाशी. इंग्रजीत ‘-ऑर’ असा शेवट बहुधा देणाऱ्याला लागतो आणि ‘-ई’ ज्याला दिले जाते त्याला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडेपट्टा देणाऱ्यास लेसॉर व घेणाऱ्यास लेसी म्हटले आहे. देवगड हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात पाठविणारा बागायतदार कन्सायनॉर, त्या उतरवून घेणारा कन्सायनी. येथवर सोपे आहे. गहाणाच्या बाबतीत मात्र जाणतेही चुकतात. कर्ज देणारा सावकार तो मॉर्गेजॉर असेल, असे सहज वाटते. तसे नाही. गहाण ‘देतो’ तो कर्जदार, म्हणून मॉर्गेजॉर तोच. पैसे देणारी बँक मॉर्गेजी. पैसा एका दिशेने जातो, गहाणाचा हक्क उलट दिशेने येतो. शब्द पैशावरून नव्हे, हक्कावरून पडला आहे.

धनादेशाची गोष्टही अशीच. 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात धनादेश काढणारा ड्रॉअर आणि ज्या बँकेवर काढला ती ड्रॉई. पैसे ज्याला मिळावयाचे तो तिसरा, पेयी. याच कायद्याच्या 18 व्या कलमानुसार आकडा व अक्षरी रक्कम यांत तफावत असेल तर अक्षरी रक्कम खरी धरली जाते. म्हणजे ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील गफलत केवळ शुद्धलेखनाची राहत नाही.

आपली गल्लत का होते, याचे कारण आपल्या लिपीत आहे. मुद्दल या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ आणि तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ देवनागरीत एकसारखेच लिहिले जातात. रोमन लिपीत पहिल्याच्या शेवटी पी-ए-एल, दुसऱ्याच्या पी-एल-ई. पत्रात ‘प्रिन्सिपल अमाउंट’ लिहिताना दुसरे वर्ण पडले की मुद्दलाचे तत्त्व होते. व्याज कशावर लावणार? मराठीही तशी निर्दोष नाही. पाणिग्रहणातला ‘पाणि’ म्हणजे हात, दीर्घ झाला की पाणी. ‘जरा’ तर एकाच अक्षरांत थोडेसे आणि वार्धक्य, दोन्ही सांगतो. फरक केवळ ‘ज’च्या उच्चाराचा.

दोन स्टेशनऱ्यांची कथा व्यापाऱ्याला आवडावी अशी आहे. मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ होते. जो एका जागी दुकान मांडून पुस्तके विकी तो ‘स्टेशनर’. त्याच्याकडचा माल ती ई-वर्णाची स्टेशनरी, आणि जागचे न हलणारे ते ए-वर्णाचे. आठवडा बाजारात पाल ठोकणारे व पेढीवर बसणारे हा भेद तेथेही होताच!

तारकर्लीच्या बाजूला पर्यटन वाढले, तशा पाट्याही वाढल्या. न्याहारी मोफत असेल तर ‘कॉम्प्लिमेंटरी’त आय हवा. तेथे ई घातली तर न्याहारी कशाची तरी पूरक ठरते, मोफत नव्हे. हीच चूक आपल्या दिवाळीच्या डायऱ्यांवर वर्षानुवर्षे छापली गेली आहे. शुभेच्छांच्या जागी ‘पूरक वस्तूंसह सप्रेम’ असे आम्हीही किती ग्राहकांना वाटले असेल! यंदाचे प्रूफ आले तेव्हा सूनबाईंनी ई खोडून आय केला आणि मगच ते मुद्रकाकडे परत धाडले.