कागदावरचा पाइप आणि जमिनीतला पाइप

शहरांत आता घरोघरी पाइपने गॅस येऊ लागलाय. मुलं विचारतात, एवढा गॅस जमिनीखालून येतो, मग पाइप फुटला तर? आपण बहुतेक वेळा 'त्यासाठी सरकारचे नियम असतात' असं सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. नियम पाळणं म्हणजे गॅस कंपनी नेमकं काय करते, आणि दाबाची ठरवून दिलेली मर्यादा न ओलांडताही पाइप कसा फुटू शकतो, हे समजावून सांगायला मला अमेरिकेतल्या सॅन ब्रुनोचं उदाहरण फार उपयोगी वाटतं. दाबाचा पाठ शिकवताना तर ते हाताशी असावंच.

सॅन ब्रुनो हे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाजवळचं छोटं शहर. ९ सप्टेंबर २०१० रोजी संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी तिथल्या एका वस्तीत रस्त्याखालची गॅसवाहिनी फुटली आणि गॅसने पेट घेतला. आवाज आणि ज्वाळा इतक्या मोठ्या होत्या, की विमान कोसळलं असं अनेकांना सुरुवातीला वाटलं. ८ माणसं गेली, ३८ घरं जळून नष्ट झाली. पाइपचा सुमारे २८ फूट लांबीचा तुकडा, जवळपास दीड टन वजनाचा, शंभर फूट लांब जाऊन पडला.

ही वाहिनी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, म्हणजे पीजी अँड ई या कंपनीची. व्यास ३० इंच. कंपनीला परवानगी होती जास्तीत जास्त ४०० पीएसआय दाबाची (गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ असतो, त्यावरून अंदाज करा). त्या संध्याकाळी दूरच्या मिलपिटास केंद्रावर विजेच्या यंत्रणेचं काम चालू होतं. त्यात नियंत्रण बिघडलं आणि वाहिनीतला दाब वाढला. वाढला किती, तर फुटण्याच्या जागी सुमारे ३८६ पीएसआयपर्यंत. म्हणजे मर्यादेच्या आतच होता! मग पाइप फुटला का?

इथे वर्गात थोडं गणित करून घ्या. ३८६ गुणिले ३० केलं, तर पाइपच्या प्रत्येक इंच लांबीमागे त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांपासून दूर ढकलणारं बल मिळतं: ११,५८० पौंड, म्हणजे सव्वापाच टनांच्या वजनाएवढं. दर इंचाला! हे सगळं बल पाइपची भिंत पेलते. भिंतीवरचा हा ताण आडव्या गोलाईत जास्त, म्हणजे लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून गोल पाइप फाटतो तो लांबीलाच. बागेतला रबरी पाइप फाटला की बघा, चीर बहुधा उभीच पडलेली असते. त्यामुळे लोखंडी पत्रा वाकवून पाइप केला असेल, तर त्याची लांबीची शिवण, म्हणजे वेल्डिंगचा जोड, चांगला असणं ही जिवावरची गोष्ट आहे.

कंपनीच्या कागदपत्रांत या ठिकाणचा पाइप 'सीमलेस', म्हणजे शिवण नसलेला, असा नोंदलेला होता. अपघातानंतर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासनिसांनी प्रत्यक्ष तुकडे पाहिले, तेव्हा शिवण सरळ दिसत होती. नुसती शिवणच नाही, तर १९५६ साली ही वाहिनी थोडी सरकवताना त्या जागी सहा आखूड तुकडे एकापुढे एक जोडून बसवले होते, आणि त्यांतल्या काहींच्या लांबीच्या शिवणीचं वेल्डिंग आतून केलेलंच नव्हतं. भिंतीची पूर्ण जाडी जोडली गेली नव्हती. त्या अर्धवट जोडातली चीर वर्षानुवर्षं दाबाच्या चढउतारांनी वाढत गेली. आणखी एक गंमत म्हणजे ३० इंच व्यासाचा सीमलेस पाइप त्या काळी अमेरिकेत कोणी बनवतच नव्हतं. नोंद एकदा कोणी डोळसपणे वाचली असती, तरी शंका यायला हवी होती.

आता नियमांकडे या. नवा पाइप टाकला की त्यात पाणी भरायचं, वापरायच्या दाबापेक्षा जास्त दाब द्यायचा आणि तो टिकतो का हे बघायचं, ही चाचणी मूलभूत समजली जाते. पाणी का, हवा किंवा गॅस का नाही? कारण पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. पाइप फुटलाच, तर पाणी गळतं आणि दाब लगेच उतरतो. गॅस मात्र स्प्रिंगसारखा साठून राहतो आणि स्फोट होतो. कॅलिफोर्नियाने ही चाचणी नव्या वाहिन्यांना १९६१ पासून लागू केली, आणि देशभराचे नियम १९७० साली आले. पण त्याआधी जमिनीत गेलेल्या पाइपांना सूट मिळाली. मागच्या पाच वर्षांत पाइपने जो सर्वांत जास्त दाब सोसला असेल, तीच त्याची मर्यादा धरा, असं ठरलं. इंग्रजीत या सवलतीला 'ग्रँडफादर क्लॉज' म्हणतात, आजोबांच्या वेळचं म्हणून चालवून घ्यायचं! सॅन ब्रुनोच्या वाहिनीची ४०० ची मर्यादा अशीच ठरली होती.

पुढे २००० साली न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळ आतून गंजलेली वाहिनी फुटून नदीकाठी मुक्कामाला आलेली १२ माणसं मेली. त्यानंतर वस्तीतल्या वाहिन्यांची ठरावीक काळाने तपासणी सक्तीची झाली. पण कुठली तपासणी करायची, हे पाइपला कुठला धोका आहे त्यावर ठरतं. सॅन ब्रुनोत कंपनीने बाहेरचा गंज शोधणारी पद्धत वापरली. त्या पद्धतीला शिवणीतला दोष दिसत नाही. आणि कागदावर शिवणच नाही म्हटल्यावर ती तपासायची कशाला! त्यात भर म्हणजे, पाच वर्षांतला सर्वोच्च दाब ओलांडला, तर जुन्या दोषांची खास तपासणी करावी लागे. म्हणून कंपनीने २००३ आणि २००८ साली मुद्दाम दाब ४०० च्या आसपास नेऊन ठेवला होता. मर्यादेचा आकडा कायम राहावा म्हणून. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. नियमाचा हेतू सोडून नियमाचा आकडा तेवढा पाळला गेला.

आग लागल्यावर गॅस बंद व्हायला ९५ मिनिटं लागली. व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे होते आणि माणसांना गाडीने तिथवर जावं लागलं. तोवर आगीला पुरवठा चालूच होता.

मग कंपनीला आपल्या पाइपांचे जुने कागद शोधायला सांगितलं गेलं. माग काढता येईल, पडताळता येईल आणि पूर्ण असेल, अशी नोंद हवी, ही अट होती. त्यासाठी काउ पॅलेस नावाच्या प्रचंड सभागृहात खोक्यांच्या राशी आणून कर्मचारी रात्रंदिवस कागद चाळत बसले. आपण शिक्षक रजिस्टरांना कितीही नावं ठेवत असलो, तरी हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा.

२०१५ साली राज्याच्या नियामक आयोगाने कंपनीला १६० कोटी डॉलरचा दंड केला. २०१६ साली ज्यूरीने तिला वाहिनी-सुरक्षा कायद्याचे पाच भंग आणि तपासात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं. या फौजदारी खटल्यात न्यायालयाचा दंड मात्र फक्त ३० लाख डॉलर झाला, कारण कायद्यात कमाल तेवढाच होता. नियमही बदलले. नोंदी सापडत नसलेल्या अनेक जुन्या वाहिन्यांची ताकद २०१९ च्या नियमांनुसार नव्याने तपासणं भाग पडलं. २०२२ च्या नियमांनुसार बहुतेक मोठ्या नव्या वाहिन्यांवर दुरून किंवा आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह आले. वाहिनी फुटल्याचं कळल्यावर ३० मिनिटांत ते बंद व्हायला हवेत.

आपल्याकडे हे काम २००६ च्या कायद्याने स्थापन झालेलं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ बघतं. खोदकाम करताना जमिनीतल्या वाहिन्यांना धक्का लागू नये, म्हणून आधी कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं. शाळेजवळ किंवा सोसायटीच्या रस्त्यावर जेसीबी दिसला, तर खोदणाऱ्याने गॅस कंपनीला कळवलंय का, हे बिनधास्त विचारा. वाहिनीच्या मार्गावर कंपनीचं नाव आणि आणीबाणीचा नंबर लिहिलेले खांब किंवा पाट्या असतात. शाळेच्या वाटेवर अशी पाटी असेल, तर मुलांना तो नंबर वहीत उतरवून आणायला सांगा, आणि तो अजून लागतो का हे तुम्ही एकदा फोन करून बघा.