लेखांक 14 : दुसरा शनिवार

आज युक्रेनच्या वीजयंत्रणेबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण कोल्हापूरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न आत्ताच घ्यायला हवा. मागच्या भागात बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवरच्या दरोड्याची, ढाक्यातल्या बंद पडलेल्या प्रिंटरची गोष्ट वाचून ते विचारतात, ‘आपल्याकडे कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला, तोही सुट्टीच्याच दिवशी. हा योगायोग समजायचा का?’

योगायोग मुळीच नाही. ढाक्याचंच कॅलेंडर पुन्हा उघडू. चोरांनी स्विफ्टचे, म्हणजे बँकांनी एकमेकींना पैशांचे निरोप पाठवण्याच्या यंत्रणेतले, बनावट संदेश सोडले ते 4 फेब्रुवारी 2016 ला, गुरुवारी रात्री. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाक्यात माणसं कामाला लागेपर्यंत, पैसे जिथे ठेवलेले होते त्या न्यूयॉर्कला शनिवार-रविवार लागलेला. सोमवारी न्यूयॉर्क उघडलं, तर पैसे जिथे गेले त्या मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी! पैसे थांबवा म्हणून ढाक्याने पाठवलेला निरोप बंद बँकेत पडून राहिला आणि 8 कोटी 10 लाख डॉलर निसटले. तीन देशांच्या सुट्ट्या एकापुढे एक मांडून कुणीतरी तारीख काढली होती.

आता पुण्याची कॉसमॉस बँक. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार. बँका बंद, एटीएम मात्र चालू. आपण मशीनमध्ये कार्ड घालतो तेव्हा ‘पैसे देऊ का?’ हा प्रश्न बँकेच्या स्विचकडे जातो. स्विच तो कोअर बँकिंगला विचारतो, तिथे खात्यातली शिल्लक पाहिली जाते आणि ‘दे’ किंवा ‘नको’ असं उत्तर त्याच वाटेने परत येतं. चोरांनी मालवेअरच्या मदतीने वाटेतच आपला बनावट स्विच बसवला. प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत पोहोचेचना. बनावट स्विच प्रत्येक वेळी ‘दे’ म्हणत राहिला. क्लोन केलेली कार्डं घेऊन 28 देशांत माणसं एटीएमपुढे उभी होती. परदेशात सुमारे 78 कोटी रुपये निघाले, भारतात अडीच कोटी. भारतातल्या त्या रकमेतला काही भाग पत्रलेखकांच्या कोल्हापुरातूनही काढला गेला.

ग्राहकांच्या खात्यांना कुठे धक्का लागला नव्हता, कारण खात्यांना कुणी विचारलंच नव्हतं. खातेवह्या बरोबर आणि पैसे गायब! अशी चोरी पकडायची तर कार्ड कंपनीकडून आलेले व्यवहार आणि आपल्या खात्यांतल्या नोंदी यांचा ताळा तिथल्या तिथे घ्यावा लागतो. हे काम सोमवारी सकाळी करायचं म्हणून ठेवलं, की चोराला दीड दिवस मोकळा मिळतो. सोमवारी, 13 तारखेला, दुसरा वार झाला. स्विफ्टमार्गे 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण नुकसान 94 कोटी 42 लाख.

ह्या घटनेतली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. एटीएमवरच्या हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला होता. जगभरातल्या एटीएममधून पैसे काढण्याचा बेत शिजतो आहे, असं त्यात म्हटलं होतं. असे हल्ले बहुतेक करून शनिवार-रविवारी, बँका बंद झाल्यावर सुरू होतात, हेही जाणकारांना माहीत होतं. वेळ, वार, पद्धत, सगळं कळलेलं होतं. पण शुक्रवारचा इशारा शनिवारी उपयोगी पडायचा, तर शनिवारी तो वाचून लगेच निर्णय घेणारा माणूस जागेवर हवा.

हा फक्त बँकांचा प्रश्न आहे असं कुणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने 2019 च्या अहवालात कॉसमॉसच्या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. निर्बंधांमुळे परकीय चलन मिळेनासं झालं, की तो देश ते असं मिळवतो. पुण्यातल्या एका सहकारी बँकेचा ताळा आणि कोरियन द्वीपकल्पातली सुरक्षा यांच्यात इतकं थोडं अंतर आहे. राष्ट्रीय संरक्षण म्हटलं की आपली नजर सीमेकडे जाते. ती पुण्यात कॉसमॉसचं मुख्यालय असलेल्या गणेशखिंड रस्त्याकडेही जायला हवी.

सुट्टी गाठून हल्ला करायची हीच तऱ्हा इतरत्रही दिसते. नॉटपेट्या हे मालवेअर पसरलं 27 जून 2017 ला, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी. कसेया ह्या सॉफ्टवेअर कंपनीवरचा हल्ला 2 जुलै 2021 चा, अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या जोडसुट्टीतला. त्याचा फटका स्वीडनमधल्या कोऑप ह्या दुकानसाखळीला बसला आणि तिला शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली.

आपल्याकडे सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 2022 मध्ये नियम केला की सायबर घटना 6 तासांत कळवावी. नियम चांगला आहे. पण ते 6 तास मोजायचे घटना लक्षात आल्यापासून. शनिवारी रात्री स्क्रीनकडे कुणी बघतच नसेल, तर घड्याळ सुरू होतं सोमवारी सकाळी, चहा झाल्यावर. महागडी उपकरणं घेतलेल्या कितीतरी संस्थांमध्ये सुट्टीच्या दिवशी अलार्म एका मेलबॉक्सात साठत राहतो. जिथे माणूस ठेवलेला असतो, तिथे त्याला सर्व्हर बंद करायचा अधिकार नसतो. साहेबांना विचारावं, तर साहेब गावाला गेलेले.

म्हणून पत्रलेखकांना आणि सगळ्यांना माझी विनंती आहे. आपल्या पतसंस्थेच्या, सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा. रविवारी रात्री दोन वाजता धोक्याची सूचना आली तर फोन कुणाचा वाजतो? त्याला वरिष्ठांना न विचारता व्यवहार थांबवता येतात का? आणि एका ठिकाणी चोरी उघड झाली, तर बाकीच्या सगळ्या वाटा त्याच क्षणी बंद होतात का? लाभांशावर तासभर चर्चा होते, यावर दहा मिनिटं व्हायला काय हरकत आहे?

पुढच्या भागात नक्की युक्रेन. तिथली वीज सायबर हल्ल्याने गेली 23 डिसेंबर 2015 ला. तो बुधवार होता, भर कामाचा दिवस. कर्मचारी खुर्चीत बसलेले होते, समोरच्या पडद्यावर माउसचा बाण आपोआप फिरताना पाहत होते आणि तरीही त्यांना काही करता आलं नाही. माणूस जागेवर असणं एवढ्यानेही का भागत नाही, ते तिथे कळतं.