परदेशातील नव्या घराची ऊब

गोव्यातील पुष्कळ कुटुंबांची मुले इंग्लंडमधील स्विंडन शहरी जाऊन राहिली आहेत, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. भाड्याच्या खोलीत काही वर्षे काढल्यावर कर्ज काढून नवे घर घ्यावे, ही त्यांची इच्छा असते आणि ती योग्यही आहे. अशा नव्या घराचे छायाचित्र घरी येते तेव्हा बाहेरच्या भिंतीलगत पंखा बसविलेली एक मोठी पेटी दिसते. वडील मंडळी तिला हवा थंड करणारे यंत्र समजतात. वस्तुतः ती घर गरम करण्यासाठी असते. तिला हीट पंप म्हणतात, आणि ब्रिटनमध्ये नव्या घरांतून गॅसच्या बॉयलरऐवजी तो बसविण्याची प्रथा वाढत चालली आहे.

पहिल्या हिवाळ्यात विजेचे बिल पाहून तरुण दांपत्य घाबरते. मग रात्री पंप बंद, दिवसा कामावर जाताना बंद, आणि संध्याकाळी घरात आल्यावर पुरत्या जोराने चालू! तान्हे मूल गोधडीत गुंडाळून बसावे लागते आणि बिल तर उतरत नाहीच. असे का व्हावे?

हा पंप स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरच्या हवेतील उष्णता तो उचलून आत आणतो. थंडगार हवेत उष्णता कोठून, असे कोणी विचारील. परंतु या यंत्रांतून फिरणारे द्रव्य फार कमी तपमानास उकळते. अनेक नव्या पंपांत प्रोपेन वापरतात. तो सामान्य दाबाखाली शून्याखाली 42 अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या मानाने इंग्लंडची हिवाळी हवा उबदारच म्हणावयाची. त्या हवेची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, वाफ दाबली की ती तापते, आणि ती ऊब घरातील नळ्यांच्या पाण्यास मिळते. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रिजची पाठ गरम लागते ती याच न्यायाने. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी 1852 साली मांडली होती, आणि झुरिचच्या नगरभवनात 1938 साली नदीच्या पाण्यातून ऊब घेणारा असा पंप बसविला गेला.

आता विहिरीचा दृष्टान्त घ्या. पाणी दहा हात उचलावयाचे की तीस हात, यावर श्रम अवलंबून असतात. येथेही तसेच आहे. बाहेरची हवा 5 अंश असता नळ्यांतील पाणी 35 अंशांपर्यंत तापविणे सोपे. 55 अंशांपर्यंत नेणे फार महाग. नळ्यांतील पाण्याचे तपमान एक अंशाने उतरविले तर सुमारे दोन ते तीन टक्के वीज वाचते, असा अनुभव आहे. जमिनीखाली नळ्या घातल्या असतील तर 35 अंशांच्या आसपासचे पाणी बहुधा पुरते. भिंतीवरचे रेडिएटर मोठे असतील तर 40 ते 45.

समजा, घरास वर्षाला 8000 युनिट उष्णता लागते. पंप एका युनिट विजेमागे चार युनिट ऊब देत असेल तर 2000 युनिट वीज पुरेल. तोच अडीच युनिट देत असेल तर 3200 लागतील. युनिटला 25 पेन्स धरले तरी 300 पौंडांचा फरक पडतो. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या घरास ही रक्कम लहान नव्हे. शिवाय त्या देशी वीज गॅसपेक्षा युनिटमागे तीनचार पटींनी महाग आहे. तेव्हा पंप नीट चालविला नाही तर गॅसचा बॉयलरच बरा होता, असे म्हणण्याची पाळी येते.

म्हणून पंप चालूबंद करू नये. घर थंड होऊ देऊन पुन्हा झटपट तापवावयाचे म्हटले की नळ्यांत कढत पाणी लागते, आणि तोच महाग मार्ग होय. निखाऱ्यावर मंद शिजणाऱ्या भांड्याप्रमाणे त्यास सावकाश, अखंड चालू द्यावे. रात्री फार तर दोन अंश उतरवावे. नव्या घरांच्या भिंती ऊब धरून ठेवतात, त्यामुळे तेवढ्याने कोणी कुडकुडत नाही.

बहुतेक पंपांत बाहेरची थंडी पाहून पाण्याचे तपमान आपोआप ठरविण्याची सोय असते. बसविणारा कारागीर ती पुष्कळदा सावधपणाने वर ठेवून जातो, कारण घर थंड राहिल्याची तक्रार त्यास नको असते. ती एकेक अंशाने उतरवावी, दोन दिवस थांबावे, खोल्या 20 अंशांवर राहतात की नाही ते पाहावे, आणि थंडी वाजू लागली की एक पायरी वर यावे. हे करताना खोल्यांतील रेडिएटरच्या कळा उघड्या ठेवाव्यात. न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांच्या कळा बंद करण्याची काटकसर येथे अंगाशी येते. ऊब पसरावयास जागा उरत नाही आणि पंप वारंवार थांबू व सुरू होऊ लागतो.

स्नानाच्या पाण्याच्या टाकीस 48 ते 50 अंश पुरेत. मात्र रोगजंतूंच्या भयास्तव आठवड्यातून एकदा ती 60 अंशांपर्यंत तापविण्याची जी व्यवस्था केलेली असते, ती मोडू नये. टाकीतील विजेची कांडी एरवी बंद आहे ना, हे अवश्य पाहावे, कारण ती एका युनिटास एकच युनिट ऊब देते.

घर अगदी नवे असेल तर आणखी एक गोष्ट आहे. काँक्रीट व गिलावा यांत मुरलेले पाणी वाळावयास कित्येक महिने लागतात, आणि ते वाळविण्यात ऊब खर्च होते. त्यामुळे पहिल्या हिवाळ्याचे बिल पुढच्यांपेक्षा काहीसे अधिक येणारच. या काळात हवेच्या झरोक्यांवर कापड कोंबू नये, नाहीतर भिंतींवर बुरशी धरते.

बाहेरील पेटीवर दमट थंडीत बर्फ साचतो. तो वितळविण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे चालते व पांढऱ्या वाफेचा लोट उठतो. हिवाळ्यात मुलाकडे राहावयास गेलेल्या आईने तो धूर समजून घाबरू नये. पेटीखालून गळणारे पाणी पायवाटेवर गोठत असेल तर मात्र घर बांधणाऱ्यास ताबडतोब कळवावे. दोष दुरुस्त करून देण्याची त्याची मुदत तेथे सामान्यतः दोन वर्षांची असते.