पिल्लाची हाडं आणि कॅल्शियमचं सिरप

घरी दोन महिन्यांचं पिल्लू आलं की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी दूध-पोळी सुचवतं, कुणी चिकन-भात. पिल्लू लॅब्राडोरचं असलं तर ‘हाडं मजबूत होऊ देत’ म्हणत कुणीतरी कॅल्शियमचं सिरपही आणून देतं. हाडांची ही काळजी रास्तच आहे. आहार आणि हाडं यांचं नातं माणसाला कळलं, तेही बऱ्याच अंशी अशाच पिल्लांमुळे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत मुलांना सर्रास मुडदूस होत असे. त्याचं कारण शोधताना संशोधक एडवर्ड मेलॅन्बी यांनी लंडनमध्ये कुत्र्याच्या पिल्लांना मलई काढलेलं दूध आणि पाव किंवा ओटची लापशी अशा आहारावर वाढवलं. पिल्लांचे पाय वाकले. आहारात कॉडलिव्हर तेल आलं, तेव्हा मुडदूस टळला. हे निष्कर्ष १९१९मध्ये प्रसिद्ध झाले. या तेलातला गुणकारी घटक ‘अ’ जीवनसत्त्व असावा, असा मेलॅन्बींचा कयास होता. तो वेगळाच आहे हे १९२२मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी दाखवलं आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला नाव मिळालं.

या कथेत एक नाव हमखास गळतं. एडवर्ड यांच्या पत्नी मे मेलॅन्बी पिल्लांच्या दातांचा अभ्यास करत होत्या. आहारानुसार दातांची घडण बदलते, हे सांगणारा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९१८ सालीच छापून आला होता. दंतविज्ञानातलं हे मोठं काम, पण पाठ्यपुस्तकांत उल्लेख येतो तो बहुधा एकट्या एडवर्ड यांचा.

प्रयोगासाठी कुत्रा निवडला गेला, हेही नशीबच. माणसाची त्वचा उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व तयार करते. कुत्र्याच्या त्वचेला ते जवळपास जमत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे पिल्लाला रोज गच्चीवर उन्हात बसवलं, तरी ‘ड’ मिळणार ते अन्नातूनच.

सिरपचा धोकाही उट्रेख्तमध्येच उघड झाला. मोठा कुत्रा गरजेपुरतं कॅल्शियम आतड्यातून शोषतो. लहान पिल्लाला हा लगाम नसतो. जितकं जास्त द्यावं, तितकं जास्त अंगात जातं. ग्रेट डेनच्या पिल्लांना तिप्पट कॅल्शियम दिल्यावर त्यांच्या हाडांची वाढच बिघडली. उलट नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं, त्यामुळे हाडं ठिसूळ होतात. चिकन-भात एवढ्याच आहाराची गोम तीच आहे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांच्यासाठी मोठ्या जातीच्या पिल्लांचं म्हणून मिळणारं खाद्य निवडावं आणि त्यावर सिरप अजिबात देऊ नये. सगळं जेवण घरीच शिजवायचं असेल, तर प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावं.

वेळापत्रक त्यामानाने सोपं आहे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा. पॉमेरेनियन, चिवावासारख्या इवल्या जातींच्या पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवू नये; त्यांच्या रक्तातली साखर पटकन उतरते. दूध तुटल्यावर लॅक्टोज पचवण्याची ताकद कमी होत जाते, त्यामुळे वाडगाभर गाईच्या दुधाने अनेकांना हगवण लागते. खाद्य बदलायचं झालंच, तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभर घ्यावा. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट मात्र कुठल्याही वयात वर्ज्य.