विश्लेषण : भुलीचे औषध मूत्राशय निकामी कसे करते?

‘फ्रेंड्स’ मालिकेतील अभिनेता मॅथ्यू पेरी याच्या ऑक्टोबर २०२३ मधील मृत्यूचे मुख्य कारण शवविच्छेदनात केटामाइनचा तीव्र परिणाम हे ठरले. अशा मृत्यूंची बातमी होते. मात्र नशेसाठी नियमित केटामाइन घेणाऱ्या तरुणांचे मूत्राशय हळूहळू निकामी होते, याची चर्चा कमी होते. ब्रिटनमधील डॉक्टरांपुढे सध्या हाच प्रश्न आहे.

केटामाइन मुळात कशासाठी?

१९६२ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या या औषधाला तेथे १९७० मध्ये मान्यता मिळाली. इतर भुलीच्या औषधांच्या तुलनेत त्याने श्वास व रक्तदाब फारसा खालावत नाही. त्यामुळे युद्धभूमीपासून अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयांपर्यंत ते उपयोगी ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

नशेत काय होते?

आपण शरीरापासून वेगळे झालो आहोत, असे वाटू लागते. मात्रा वाढली की हालचाल व बोलणेही थांबते. या अवस्थेला ‘के-होल’ म्हणतात. अशा वेळी पडणे, बुडणे, उलटी श्वासनलिकेत जाणे हे धोके असतात. सोबत मद्य किंवा अफूजन्य पदार्थ असल्यास श्वास मंदावू शकतो.

मूत्राशयाचे नुकसान कसे होते?

केटामाइन व त्याचे विघटित घटक लघवीवाटे बाहेर पडतात. त्यांच्या सततच्या संपर्काने मूत्राशयाच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. पुढे भिंत जाड होऊन मूत्राशय आकसते. निरोगी मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. गंभीर रुग्णांत ही क्षमता १०० मिलिलिटरच्याही खाली येते. दर काही मिनिटांनी लघवीला जावे लागते, असह्य वेदना होतात, रक्त पडते. कॅनडा व हाँगकाँगमधील डॉक्टरांनी २००७ मध्ये असे रुग्ण प्रथम नोंदवले.

निदान का लांबते?

लक्षणे मूत्रमार्गाच्या संसर्गासारखी असतात, पण तपासणीत अनेकदा जंतू सापडत नाहीत. रुग्ण नशेबद्दल बोलत नाही आणि प्रतिजैविके दिली जात राहतात. त्यातच केटामाइन वेदनाशामक असल्याने दुखणे थांबवण्यासाठी तेच पुन्हा घेतले जाते आणि जखम वाढत जाते.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनने २०१४ मध्ये केटामाइन ‘क’ वर्गातून अधिक कडक ‘ब’ वर्गात नेले. भारतात ते २०११ पासून अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कक्षेत आहे.

उपाय काय?

केटामाइन पूर्ण थांबवणे हाच पहिला उपचार. वेळीच थांबवल्यास अस्तर बऱ्याच अंशी भरून येऊ शकते. उशीर झाल्यास आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठे करण्याची किंवा ते काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच वारंवार लघवी, जळजळ वा रक्त दिसताच डॉक्टरांना नशेची माहिती न लपवता देणे महत्त्वाचे ठरते.