नळीवरची चिठ्ठी

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कितीतरी कुटुंबं नागपूरच्या जरीपटक्यात वसली. सिंधी समाजात थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार तुलनेनं जास्त आढळतो. आई-बाबा दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक. म्हणून रक्त तपासतात. त्यातला डीएनए उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतो.

पण नळीवरची चिठ्ठीच गळून पडली तर? नमुना शाबूत, पण कुणाचा? चुकून अदलाबदल झाली, तर वाहकाला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवतील!

घरी करून बघा. स्टीलच्या डब्यावर कागद डकवा, शाईपेनानं नाव लिहा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढलात की डब्यावर पाणी धरेल. बोट फिरवा. झाला ना चिखल? आता पेन्सिलीनं लिहून बघा, बरं का!

प्रयोगशाळेत थंडीत टिकणाऱ्या गोंदाची चिठ्ठी नळी गोठण्याआधीच लावतात. हिम धरलेल्या नळीवर ती चिकटतच नाही. नुसत्या झाकणावर लिहून भागत नाही, कारण झाकणं बदलतात. आणि तारीख ‘३/४’ अशी नको. अमेरिकेतला माणूस ती ४ मार्च वाचेल! ‘३ एप्रिल’ असं अक्षरात लिहायचं, सालासकट.